मोगऱ्याची पेटी

"म्या काईच नाई खाल्लं, मामाजी. तुमची आन हाय."

शालू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नववा लागला होता तिला. एक हात कमरेवर आणि दुसरा पोटावर ठेवल्याशिवाय आता तिला उभं राहता येत नव्हतं. समोर पाटावर तिचे सासरे पंजाबराव बसले होते आणि त्यांच्यापुढे फरशीवर आंब्याची एक कोय पडली होती, चोखून चोखून पांढरी केलेली. मागच्या दारच्या कचऱ्यातून त्यांनी ती स्वतःच्या हातानं शोधून काढली होती.

"मंग हे काय हाय?"

"मले नाई माईत."

"पाय फुटले का कोयीले? चालत आली आपल्या घरात?"

"बाबा, तो आंबा म्या खाल्ला." गोपाल मोरीतून तोंड पुसत बाहेर आला. "तिच्यासमोर खाववत नाई म्हणून मागच्या दारी उभ्याउभ्या खाल्ला. तिले काहून बोलून राहिले?"

पंजाबरावांनी मुलाकडे पाहिलं. बायकोला पाठीशी घालतो आहे, असंच त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर रागात असूनही त्यांना थोडं बरंच वाटलं, कारण नवऱ्यानं नाही घालायचं तर कोणी घालायचं? पण विश्वास मात्र त्यांनी ठेवला नाही. गोपाल खरं बोलत होता. शालूही खरं बोलत होती. त्या घरात त्या दिवशी सगळेच खरं बोलत होते आणि तरीही शालूची शुगर दोनशे अडुसष्ट होती.

तो आकडा सकाळी दवाखान्यात कळला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मागचे कागद चाळले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. एप्रिलमध्ये एकशे पंधरा होती, म्हणाल्या, इतकी छान आटोक्यात होती, मग महिनाभरात झालं काय? गोड सुरू केलं का? शालूनं मान हलवली. आंबे? तिनं पुन्हा मान हलवली. आंब्याच्या दिवसांत अशा मानहलवण्या बाईंनी खूप पाहिल्या असाव्यात. त्या पंजाबरावांकडे वळल्या.

"हिला आजच भरती करा. इथं राहील तर आमच्या डोळ्यांसमोर राहील. बाळाचं वजन भराभर वाढतंय, हे लक्षण चांगलं नाही."

"मॅडम, आठ रोज द्या मले," पंजाबराव हात जोडून म्हणाले. "घरीच बंदोबस्त करतो. माह्या नजरेखालून साखरेचा कण जाणार नाई."

बाई थोड्या घुटमळल्या. वॉर्डात खाटेला खाट लागलेली होती. शेवटी त्यांनी इन्सुलिनचे युनिट वाढवून दिले आणि आठ दिवसांत शुगर उतरली नाही तर सरळ भरती, असं कागदावर लाल शाईनं लिहिलं. शालूला राहायचं होतं दवाखान्यात. पण सासऱ्यानं शब्द दिल्यावर आपण कसं बोलावं, म्हणून ती गप्प बसली.

आता पंजाबराव म्हणजे काही जाच करणारा सासरा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. उलट असा सासरा मिळावा म्हणून पोरींनी उपास करावेत. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात तिघंच. दोन वर्षांपूर्वी शालूचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा गोपालपेक्षा जास्त हा माणूस रडला. पोटुशीपणात बाईला शुगर होते आणि ती लेकराला खाते, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. या खेपेला चौथ्या महिन्यातच तपासणी केली आणि निघालीच शुगर. जानेवारीपासून इन्सुलिन सुरू झालं. त्याच दिवशी पंजाबरावांनी जाहीर केलं, का आपल्या घरात आजपासून चहा बिनसाखरेचा. शालूचा, गोपालचा आणि त्यांचा स्वतःचाही. चार चमचे साखर घालून पिणारा माणूस तो! पहिले आठ दिवस काढा प्यायल्यासारखं तोंड करायचे, पण हटले नाहीत.

"लेकरू आलं का पयला पेढा शालूले," म्हणायचे. "दुसरा मले."

राजापेठेत त्यांचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन फळ्या, वर ताडपत्री आणि खाली थर्माकोलची मोठी पेटी. पण पंजाबरावांच्या मोगऱ्याचं नाव होतं. मे महिन्यात अमरावतीत ऊन असं तापतं का रस्त्यावर चप्पल चिकटते, तशा उन्हातही त्यांचा मोगरा दुपारी चारला सकाळसारखा टवटवीत निघायचा. लग्नसराईत नवरीच्या वेणीसाठी लोक अंजनगाव सुर्जीहून माणूस पाठवायचे. त्यांची सगळी विद्या त्या पेटीत होती. पहाटे बर्फाची लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून लाकडी मोगरीनं फोडायची आणि पेटीच्या तळाशी अंथरायची. मग फुलांची एकेक जुडी आधी ओल्या फडक्यात, फडक्यावरून वर्तमानपत्रात, आणि मगच आत.

"बर्फ फुलाले शिवला नाई पायजे," ते गोपालला शिकवायचे. "गारवा लागू दे, बर्फ नको. खडा लागला का पाकळी करपली समज. ऊन जाळते तसा बर्फबी जाळते."

इन्सुलिन आधी घरच्या फ्रीजमध्ये राहायचं. दाराच्या कप्प्यात ठेवा, असं दवाखान्यातल्या सिस्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं आणि गोपालनं ती चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली होती. मार्चपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग उन्हाळा चढला आणि लाइट जायला लागली. अर्धा तास, एक तास, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तर सलग पाच तास. पंजाबरावांनी फ्रीज उघडून पाहिला तर आतलं दूध नासलेलं आणि बाटली हाताला कोमट. औषध गरम झालं का त्याचं पाणी होतं, हे मेडिकलवाल्यानं त्यांना बजावून सांगितलेलं होतं.

"ह्या डबड्याचा काय भरोसा?" ते म्हणाले. "अमरावतीत उन्हाळ्यात गार राहणारी एकच जागा हाय. माही पेटी."

ती बाटली त्यांनी फेकली, नवी आणली आणि पेटीत ठेवली. कुठं ठेवली? सगळ्यात तळाशी, ताज्या लादीच्या तुकड्यांमध्ये खोचून, जिथं ते नवरीचा मोगरासुद्धा ठेवत नसत. काचेची बाटली, रबराचं बूच, वरून प्लास्टिकची पिशवी. तिला कागद कशाला गुंडाळायचा? ती काही पाकळी नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ स्टीलच्या डब्यात बर्फ घालून ते स्वतः बाटली घरी न्यायचे. दुकानापासून घर दोन गल्ल्या. गिऱ्हाईक उभं असलं तरी थांबायचे नाहीत. "सुनेचं औषध हाय, बाप्पा, आलोच," असं म्हणत झपाझप निघायचे. पहिल्या दिवशी बाटलीतलं औषध काठाशी गोठलेलं दिसलं, तेव्हा ते खूशच झाले. मुठीत धरून त्यांनी ते विरघळवलं. पाहा, म्हणाले, याला म्हणतात गार.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी बंदोबस्त केला तो असा. साखरेचा डबा, गूळ, आंबे, शालूच्या आईनं अकोल्याहून पाठवलेल्या शेवया, सगळं बायकोच्या जुन्या पेटाऱ्यात भरलं आणि वर कुलूप घातलं. किल्ली जानव्यासारखी दोऱ्यानं गळ्यात अडकवली. शालू पाहत उभी होती.

"मामाजी, माह्यावर भरोसा नाई तुमचा?"

"तुह्यावर हाय. जिभेवर नाई," ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून नरमले. "आठ रोज, पोरी. लेकरासाठी."

त्या दिवसांत शालूनं काय खाल्लं, ते ऐका. सकाळी अर्धी ज्वारीची भाकर आणि मेथी. दुपारी अर्धी भाकर, ताक, काकडी. संध्याकाळी पुन्हा तेच. भूक लागली का पाणी प्यायची. उन्हं कलली का पोट धरून अंगणात पंचवीस फेऱ्या मारायची आणि वाढवलेलं इन्सुलिन स्वतःच्या हातानं पोटाच्या कडेला टोचून घ्यायची. तिसऱ्या दिवशी गोपालनं बोटातून रक्त काढून घरच्या मशीनवर शुगर पाहिली. दोनशे नव्वद. त्यानं आकडा बापाला सांगितला आणि बापानं सुनेकडे पाहिलं. ते पाहणं शालूच्या जिव्हारी लागलं. त्या रात्रीपासून तिनं भाकरही पाव केली.

सहाव्या दिवशी दुपारी ती दुकानावर आली. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, एकटी. पंजाबराव हार ओवत होते.

"मामाजी, सकायपासून हालला नाई."

"कोण?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. हार तसाच टाकून त्यांनी रिक्षा थांबवली.

दवाखान्यात सिस्टरनं पोटावर मशीन फिरवलं. खूप वेळ फिरवलं. मग डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी फिरवलं. पडद्यामागून नुसती खरखर येत होती. पंजाबराव बाहेर बाकावर बसून त्या खरखरीत टक्-टक् शोधत राहिले. ती सापडली नाही. गोपाल धावत आला तोवर बाई बाहेर आल्या होत्या. त्या चांगल्या होत्या, त्यांनी आवाज चढवला नाही. पण जाता जाता एक वाक्य बोलल्याच. "मी म्हणाले होते, भरती करा."

कळा येण्यासाठी औषध दिलं. त्याला वेळ लागणार होता. शुगर उतरवण्यासाठी वॉर्डातलं इन्सुलिन सुरू केलं. संध्याकाळी गीतांजली सिस्टर, जिनं जानेवारीत ती चिठ्ठी लिहून दिली होती, कागद हातात घेऊन पंजाबरावांकडे आली. तिच्या कपाळाला आठी होती.

"काका, घरी जेवढे युनिट घेत होती, त्याच्या निम्मेच दिले आम्ही. तरी एकशे चाळीसवर आली. मग घरी काहून उतरत नव्हती? घरची बाटली आहे का?"

पंजाबरावांनी दुकानातून बाटली आणली. स्टीलच्या डब्यात, बर्फासकट, नेहमीसारखी. अजूनही जपूनच आणली, हे विशेष. सिस्टरनं डब्याचं झाकण उघडलं आणि बर्फ पाहून थांबली. बाटली वर काढून तिनं खिडकीच्या उजेडात धरली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते आणि हलवली तरी ते सुटत नव्हते.

"हे बर्फात ठेवत होते तुम्ही?"

"हो नं. गार राहावं म्हणून. माह्या पेटीत."

"किती दिवस झाले?"

"आखाजीपासून."

सिस्टरनं बाटली खाली ठेवली. तिला बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. तरुण पोर होती. "काका," ती हळू म्हणाली, "इन्सुलिन थंड लागते, पण बर्फ नाही चालत त्याला. गोठलं का मरते ते. परत पातळ झालं तरी त्यात काहीच राहत नाही. इतके दिवस ती नुसतं पाणी टोचून घेत होती."

पंजाबरावांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "करपते. पाकळीसारखं."

"काय?"

"काई नाई, बाई."

मोगऱ्याला त्यांनी तीस वर्षं कागद गुंडाळला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालू मोकळी झाली. मुलगी होती. चार किलोला थोडी कमी, डोक्यावर भरपूर काळे केस, गाल वर आलेले. वॉर्डातल्या आयाबाईंमधली एक बोलूनही गेली, "किती गुटगुटीत होती व!" शालूनं एकदा मागून घेतली, तोंडावरून हात फिरवला आणि परत दिली. गोपालनं तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून नेलं. पंजाबराव बरोबर गेले. साऱ्या राजापेठेच्या लग्नामयताला फुलं देणाऱ्या या माणसानं नातीसाठी एक फूलही नेलं नाही. हात लागत नव्हता त्यांचा फुलाला.

आणि ते बोललेही नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सांगायचं होतं, देवाशप्पथ सांगायचं होतं. पण शालूच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि तिला पाहून परत फिरायचे. तिला दूध आलं होतं. छातीला घट्ट फडकं बांधून ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. अशा बाईला काय सांगणार, का तुझं औषध मी मारलं आणि वर तुलाच चोर ठरवलं?

चौथ्या दिवशी अंजनगावहून त्यांची मोठी बहीण भेटायला आली. शेजारच्या दोघी-तिघी बायका जमल्या. बहीण तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. तिनं डोळे पुसले, शालूच्या खोलीकडे पाहिलं आणि बायकांना सांगू लागली, "दोनदा झालं असं. डाक्टरीण सांगून राहिली, भाऊ कुलपात ठेवून राहिला, तरी आजकालच्या पोरींची जीभ काई राहत नाई. नऊ महिने कळ काढली असती..."

"बाई, चूप बस."

पंजाबराव अंगणात उभे होते. आवाज मोठा नव्हता, पण बायका गप्प झाल्या.

"तिनं काईच नाई खाल्लं. उपाशी होती ते. औषध म्या बर्फात ठेवलं, तं मेलं औषध. महिनाभर पाणी टोचून घेतलं पोरीनं. डाक्टर भरती कर म्हणे, तं म्याच आठ रोज मागतले. लेकरू माह्या हातानं गेलं. आता ज्याले सांगाचं त्याले हे सांगा."

गोपाल ओट्यावर बसला होता. त्यानं बापाकडे पाहिलं, उठला, पायात चपला सरकवल्या आणि फाटकाबाहेर निघून गेला. बायका एकेक करून उठल्या. बहीण पदर तोंडाशी धरून बसून राहिली.

पंजाबराव आत आले. गळ्यातली किल्ली काढली, पेटारा उघडला. आंबे आत सडून गेले होते, वास सुटला होता. त्यांनी साखरेचा डबा तेवढा उचलला आणि शालूच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवला. ती उठून बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमाले कवा समजलं, मामाजी?"

"दवाखान्यात. सिस्टर बोलली."

"म्हंजे चार रोज झाले."

"हो."

शालू डब्याकडे बघत राहिली. रडत नव्हती ती. रडली असती तर पंजाबरावांना बरं वाटलं असतं.

"आखाजीले अंबादेवीच्या देवळात चिमूटभर शिरा खाल्ला होता म्या," ती म्हणाली. "प्रसादाले नाई म्हणता आलं नाई. तेवढाच, मामाजी. चार रोजांपासून तोच शिरा आठवून राहिली म्या. त्या चिमटीनंच मारली म्या माही पोरगी, असं वाटून राहिलं होतं. चार रोज."

माफ कर म्हणायचं तर तो शब्दच पंजाबरावांना फार लहान वाटला. ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. पन्नाशी केव्हाच ओलांडलेला माणूस, लेकरासारखा जमिनीवर बसला.

मग शालू उठली. भिंतीचा आधार घेत ती त्यांच्याजवळून गेली, जाताना तिनं साखरेचा डबा उचलला. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, भांड्याचा आवाज आला. ती दोन कप घेऊन बाहेर आली. एक तिनं त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन समोर बसली.

त्यांनी घोट घेतला. गोड होता. चार चमच्यांचा, पूर्वी प्यायचे तसाच. पाच महिन्यांनंतरचा तो गोडवा जिभेवर आला.

"तुह्यात घातली का, शालू?"

"नाई. मले आता नाई जात."

ती आपला बिनसाखरेचा चहा हळूहळू पीत राहिली. पंजाबरावांनी कप दोन्ही हातांनी धरला. खाली ठेवावा असं फार वाटत होतं. पण तिनं केलेला होता, म्हणून तळाशी राहिलेल्या साखरेसकट त्यांनी तो संपवला.